नकुशामावशीचा दहाव्याचा फोटो

सुवर्णाच्या घरात जिती माणसं तीनच. ती स्वतः, तिचा नवरा सुदर्शन आणि सासू साळूबाई. वारलेली मात्र दोन-अडीचशे तरी असतील. ती सगळी मंडळी कोपऱ्यातल्या कॉम्प्युटरच्या काळ्या डब्यात दाटीवाटीनं बसलेली असतात आणि त्यांचा कुणाला काही त्रास नाही. चहा मागत नाहीत, की लाइट गेली म्हणून कुरकुरत नाहीत.

न्हावऱ्याहून केडगावकडं निघालं की भीमेचा पूल लागतो. त्याच्या अलीकडं, झेंडूच्या वावरांत ही वस्ती. आसपासच्या पाच-सहा गावांत कुणी गेलं की रडता रडताच घरातलं कुणीतरी म्हणतं, "सुवर्णाला फोन लावा रं, दहाव्याला फोटो पायजे." दहाव्याला नदीवर पिंड ठेवतात, महाराजांचं प्रवचन होतं, आणि समोरच्या खुर्चीत गेलेल्या माणसाचा हार घातलेला फोटो ठेवतात. फोटो नसला तर लोकांनी पाया कुणाच्या पडायचं? खुर्चीच्या?

आता जल्मभर रानात राबलेल्या माणसाचा फोटो असतो कुठं? असलाच तर आधारकार्डावरचा. त्यात चांगला देवमाणूसही पोलिसांनी पहाटे धरून आणल्यासारखा दिसतो. सुवर्णाच्या आईच्या दहाव्याला असलाच फोटो ओढूनताणून मोठा केला होता. सुवर्णा तेव्हा बारावीला होती. फोटोकडं बघून ती म्हणाली, "ही माझी आई न्हाई." लोकांना वाटलं, पोरीला दुःखाचा धक्का बसलाय. धक्का वगैरे काही नव्हता. आई खरंच तशी दिसत नव्हती.

पुढं ती शिरूरला एका स्टुडिओत फोटो दुरुस्त करायचं शिकली. लग्न होऊन इकडं आली. स्टुडिओ बंद पडला तेव्हा मालकानं तिथलं जुनं कॉम्प्युटरचं मशीन तिलाच देऊन टाकलं. तेव्हापासून हे काम.

कामाची एक युक्ती होती. तिच्याकडं तयार अंगं होती. पुरुषांना पांढरा सदरा, जाकीट आणि भगवा फेटा. बायकांना जांभळी पैठणी. आधारकार्डावरचा चेहरा उचलायचा, अंगावर बसवायचा, मागं निळं आभाळ सोडायचं. अर्ध्या तासात माणूस तयार. त्यामुळं ह्या भागातल्या निम्म्या बाया एकाच लुगड्यात वर गेल्या. साळूबाई म्हणायची, "वर गेल्यावर एकमेकींना वळखत कशा असतील गं? समद्या एकाच बचतगटाच्या वाटत असतील."

यंदा मात्र ती युक्ती चालणार नव्हती.

शेजारच्या वावरातली नकुशामावशी कोजागिरीच्या दिवशी गेली. दुपारी झेंडू तोडता तोडता बांधावर बसली, ती बसल्या जागीच गेली. तिचा नवरा म्हस्कूआबा. सातव्या दिवशी ते सुवर्णाकडं आले, तेव्हा त्यांच्या हातात पुतण्याच्या लग्नातला अकरा वर्षांपूर्वीचा ग्रुप फोटो होता. वीस-बावीस माणसं. मागच्या रांगेत कुणाच्या तरी फेट्याच्या शेमल्याआड अर्धी नकुशामावशी. एक डोळा, अर्धं हसू, एक खांदा.

"आबा, हा एकच?"

"आधारचा सोडला तर एकच. बाकी समद्यांत पदर हाय नुसता."

ते खरं होतं. कॅमेरा दिसला की मावशीचा पदर तोंडावर जायचा. "माझं काय बघायचं, चुलीम्होरचं तोंड," असं म्हणून ती लग्नातून, सत्यनारायणातून, नातवाच्या वाढदिवसातून पळून जायची. सुवर्णानं स्वतः चार वेळा मोबाइल धरला होता. चारही वेळा पदराचे फोटो आले, तेवढे झकास.

"पोरी, एक ऐक," आबा म्हणाले. "तिला दुसरीचं अंग लावू नको. त्ये जांभळं लुगडं तिच्या बापजल्मात तिनं नेसलं न्हाई. आन् कपाळावरचं गोंदण घालवू नको. हनुवटीवर तीन ठिपकं हायेत, त्येबी. न्हाईच जमलं तर आधारचा लाव. पर दहाव्याला लोकांनी पाया पडल्यावर मला कळाया पायजे, हिच्याच पडलं म्हणून."

"जमतंय आबा," सुवर्णा म्हणून गेली.

म्हणून गेली खरी, पण मशीननं दगा दिला. आठ-दहा दिवस ते हळू झालंच होतं. फोटोचं सॉफ्टवेअर उघडायचं, ब्रश फिरवायचा, आणि रेघ आपली आठवण आल्यासारखी सावकाश मागून यायची. मावशीचा फोटो घेतल्यावर तर कहरच. केडगावच्या फोटोवाल्या गोकुळनं तो सगळ्यात मोठ्या मापानं स्कॅन करून दिला होता. वीस माणसांचं लग्नच्या लग्न त्या डब्यात घुसलं आणि डबा बसला.

आठवा दिवस असाच गेला. नववा उजाडला. उद्या सकाळी आठला नदीवर दहावा. गोकुळचं फोटो छापायचं दुकान संध्याकाळी सातला बंद होतं, म्हणजे सातच्या आत फोटो केडगावात पोचला पाहिजे. सुवर्णा सकाळी नऊलाच बसली. चहा गार झाला तरी तिला कळलं नाही.

मावशीचा डोळा उचलून पलीकडं ठेवायचा होता. तिनं माउस दाबला. गोल चाक फिरायला लागलं. फिरतंय, फिरतंय. तेवढ्यात साळूबाईचा लसणाचा अख्खा गड्डा सोलून झाला.

"काय म्हणतंय?"

"थांब म्हणतंय."

"कुणासाठी?"

सुवर्णाला हसू आलं नाही. तिनं मशीन बंद करून चालू केलं. दहा मिनिटं बरं चाललं, पुन्हा तेच. उघडलेली बाकीची सगळी कामं बंद केली. सॉफ्टवेअर मागच्या पन्नास पावलांची आठवण ठेवतं, ती वीसवर आणली. फोटो दरवाजाएवढा होता, तो कापून मावशीपुरता ठेवला. प्रत्येक वेळी तिला वाटायचं, आता सुटलं. आणि प्रत्येक वेळी घडीभरानं ते चाक.

एक वाजता सुदर्शनचा फोन आला. तो रांजणगावला कंपनीत लाइनीवर असतो. तिथं मोबाइल चालत नाही. जेवणाच्या सुट्टीत वीस मिनिटं आणि चहाच्या सुट्टीत दहा, एवढाच तिचा नवरा.

"सी ड्राइव्ह बघ, लाल झालाय का?"

"लाल हाय."

"मग त्येच. ह्या सॉफ्टवेअरला काम करताना पसारा मांडायला जागा लागती. जागा कर."

"अहो, काय उडवू? समद्या लोकांचे फोटो हायेत. एका माणसाचा एकच असतोय, उडाला तर दुसरा कुठून आणू?"

"बाकी काय हाय बघ की."

सुवर्णानं बघितलं. "तुमचे चौदा सिनेमे हायेत."

तिकडं घास चावायचा थांबला. "उडव."

"समदे?"

"...एक ऱ्हाऊ दे."

एकही ठेवला नाही. लाल पट्टी निळी झाली. मशीन पुन्हा चालू केलं आणि काय सांगावं, ब्रश हाताबरोबर पळायला लागला. सुवर्णाच्या जिवात जीव आला. तिनं भराभर शेमला पुसला, हसऱ्या ओठाचं दुसरं टोक जुळवलं, गोंदणाचा पहिला ठिपका ठेवला. कामाच्या भरात मधे जतन करायचं राहिलं. दुसरा ठिपका ठेवायला गेली आणि चाक फिरलं. खिडकी पांढरी पडली. मग खिडकीही गेली, आणि मावशीचं हसूही गेलं.

तीन वाजले होते.

मग पुन्हा सुरुवात केली. आता दर दोन मिनिटाला जतन. पण जतन करायलाच चार मिनिटं. साडेतीनला चहाच्या सुट्टीत सुदर्शन म्हणाला, "रॅम कमी पडत आसंल, नवीन टाकावी लागंल." ह्या वेळी रॅम काय झेंडूच्या वावरात उगवणार होती?

चारला म्हस्कूआबा आले. आत आले नाहीत, उंबऱ्याशी टेकले. नऊ दिवसांची दाढी, डोक्याला टॉवेल.

"झाला का गं?"

"होतोय, आबा."

आबांनी लांबूनच पडद्याकडं बघितलं. अडकलेल्या चित्रात मावशीचा एकच डोळा भला मोठा दिसत होता.

"डोळा बराबर हाय," ते म्हणाले. "सकाळी चहात साखर कमी पडली की असंच बघायची."

साळूबाई म्हणाली, "बसा आबा, च्या टाकते."

"नगं. मंडपवाल्याकडं जायचंय." उठता उठता ते थांबले. "पोरी, न्हाई जमलं तर जिवाला लावून घेऊ नको. आधारचा हाय की. त्यात ती वाईट दिसती, पर तीच हाय."

आबांनी सुवर्णाला सूट दिली होती, आणि तीच तिला सोसेना. आधारच्या फोटोतली आपली आई तिला बारा वर्षं स्वप्नात तशीच दिसत होती, धरून आणल्यासारखी. खरा चेहरा आठवायला गेलं की तो फोटो आडवा यायचा. उद्या आबांचं तसंच होणार. साडेचार झाले होते. तयार पैठणीला चेहरा लावला तर अर्ध्या तासात काम झालं असतं. तिनं ती पैठणी उघडलीसुद्धा. ती उघडायलाही मशीननं पाच मिनिटं घेतली.

साळूबाई लसणीची टोपली बाजूला सारून जवळ येऊन बसली होती.

"सुवर्णे, एक इचारू? तुला राग येईल."

"इचारा आत्या."

"ह्ये बंद करून ठेवलं की पुन्यांदा चालतंय. दहा मिंटं पळतंय, मग बसतंय. व्हय का न्हाई?"

"व्हय."

"आपली हिरीवरची मोटार आसंच करत व्हती. तुझ्या सासऱ्यानं वायरा बदलल्या, स्टार्टर बदलला, नारळ फोडला. म्या नुसता हात लावला. ताप भरला व्हता तिला."

"आत्या, ही मोटार न्हाई."

"मग हात लावायला काय भ्या हाय?"

सुवर्णानं वैतागून डब्यावर हात ठेवला आणि झटकन मागं घेतला. तवा! आणि त्याबरोबर एक वास आला. आठ-दहा दिवस तो वास घरात होता, पण तिला वाटायचं, देवापुढच्या उदबत्तीचा असेल. उदबत्ती नव्हती ती. फुलं भाजल्याचा वास होता.

डब्यावर हार होता.

खंडेनवमीला ह्या वस्तीत सगळ्या हत्यारांची पूजा होते. विळा, खुरपं, फवारणीचा पंप, मोटारसायकल. सुवर्णाचं हत्यार कॉम्प्युटर, म्हणून साळूबाई दरसाल त्याला हळद-कुंकू लावते. यंदा नकुशामावशी स्वतः हार घेऊन आली होती, आपल्या वावरातल्या झेंडूचा, दाट ओवलेला. "तुझ्या हत्याराला गं. ह्येच्यावर तर माणसं वर जात्यात," असं म्हणून तिनं तो डब्याला असा घातला होता, की मागं पाठीवर लोंबावा आणि माथ्यावर दोन पदर यावेत. ती मावशीची शेवटची खेप. सहा दिवसांनी ती गेली. हार सुकला, पण काढायला सुवर्णाचा हात झाला नाही. साळूबाईनंही तो तसाच राहू दिला.

डब्याच्या माथ्याला जाळी होती आणि पाठीला वारा बाहेर सोडायची खिडकी. दोन्हींवर मावशीचा झेंडू.

"आत्या, काढू?"

साळूबाईनं हाराकडं बघितलं. "तिचाच फोटो करायचाय ना? काढ. ती रागवायची न्हाई."

हार उचलला तशा त्याच्या पाकळ्या भुगा होऊन खाली आल्या. सुवर्णानं बटण बंद केलं, वायर भिंतीतून काढली. डब्याच्या बाजूचे स्क्रू सोडवायला पेचकस हातात घेतला आणि तिथंच थांबली. आत अडीचशे माणसं होती. पुष्कळ जणांचा दुसरा फोटो जगात कुठंच नव्हता.

"आत्या, आत काय तुटलं तर? माझी समदी माणसं हायेत आत."

"ती मेल्याली हायेत, पोरी. त्यास्नी आता काय हुत न्हाई. तू खोल."

झाकण निघालं. आतला पंखा दिसतच नव्हता. पाकळ्या, धूळ आणि हळदीचा सगळा लगदा बसला होता. पंख्याखाली कंगव्यासारख्या पत्र्याच्या पट्ट्या असतात, त्यांतून वारा जायचा. त्यांत केशरी चुरा असा ठासून भरलेला, की करंजीत सारण भरावं. एवढ्या तापात मशीननं काम केलं, हेच नवल. बिचारं जळू नये म्हणून पाय ओढत चालत होतं, आणि सुवर्णा त्याला पळ म्हणत होती.

तिनं घरातला रंगाचा कोरा ब्रश घेतला. साळूबाईनं सायकलला हवा भरायचा पंप आणला आणि पदर खोचून हाणायला लागली. सुवर्णा पंख्याला बोट लावून धरी, म्हणजे तो गरगर फिरू नये, आणि साळूबाई फुस्स करी. घरभर झेंडू उडाला. सासूच्या केसात झेंडू, सुनेच्या नाकात झेंडू.

"आपल्या घरात लगीन हाय का काय?" साळूबाई खोकत म्हणाली.

साडेपाचला झाकण लागलं. मशीन चालू केलं. सुवर्णानं सॉफ्टवेअर उघडलं आणि घड्याळाकडं बघत राहिली. दहा मिनिटं. पंधरा. हाताबरोबर ब्रश. तिनं डब्यावर हात ठेवला. कोमट. म्हातारीच्या हातासारखा.

तयार पैठणी तिनं बंद केली.

मग साळूबाईच बाजूला बसून सांगत गेली. आरशासारखा अर्धा चेहरा पलटून ठेवला, तर म्हणाली, "आसा न्हाई. ह्या बाजूचा गाल जरा खाली घे, दाढ काढली व्हती तिनं." भुवई ठेवली, तर म्हणाली, "ही जरा वर. तिची भुवई कायम भांडायला उठल्याली." ग्रुप फोटोत मावशीच्या खांद्यावर हिरव्या बारीक फुलांचं लुगडं दिसत होतं, तेच सुवर्णानं खाली ओढत नेलं. कुंकू मोठं लावलं, नवऱ्याआधी, अहेव गेली होती ना ती. कपाळावरची गोंदलेली चांदणी, हनुवटीवरचे तीन ठिपके. चेहरा गुळगुळीत करायचं बटण असतं, त्याला तिनं हातसुद्धा लावला नाही. मागचं निळं आभाळही काढून टाकलं. मागं नुसता पिवळसर उजेड राहिला, दुपारी वावरात असतो तसा.

"झालं," साळूबाई एकदम म्हणाली. मग पदरानं डोळे पुसून, "बया, आता बोलंल ही," एवढंच म्हणाली.

सहा वीस. पेनड्राइव्ह पदराच्या गाठीला बांधला आणि सुवर्णानं स्कूटी काढली. पुलावर उसाची ट्रॉली आडवी. तिच्यामागं ती हॉर्न वाजवत, स्वतःशी बडबडत. पुढं पुन्हा गर्दी. केडगावात पोचली तेव्हा सातला तीन मिनिटं कमी होती आणि गोकुळ शटरला हात घालत होता.

"वहिनी, मशीन गार करायला टाकलं आत्ताच."

"गोकुळभाऊ, गार मशीनची किंमत आज मला इचारा. लावा परत."

त्यानं तिच्या तोंडाकडं बघितलं, डोक्यातल्या झेंडूच्या पाकळीकडं बघितलं आणि मशीन लावलं. कागद सावकाश बाहेर यायला लागला. आधी पदराचा काठ, मग कुंकू, मग ते दोन्ही डोळे. ह्या वेळी सावकाश आला तरी सुवर्णाला भीती वाटली नाही.

सकाळी नदीवर खुर्चीत नकुशामावशी बसली. लोक फुलं वाहायला यायचे आणि फोटोपाशी घोटाळायचे. दोघी-तिघी बायांनी तर उगाच आपला पदर सारखा केला, बघणारं कुणी समोर असल्यासारखा. म्हस्कूआबा मात्र लांब उभे. शेवटी आले. फोटोसमोर उभे राहिले आणि हळूच म्हणाले, "आता कसं? आता पळायला जागा न्हाई."

मग सुवर्णाकडं वळले. "लई तरास झाला न्हवं?"

सुवर्णाला खोटं सांगावंसं वाटलं नाही. "आबा, मशीन अडलं व्हतं. मावशीनं खंडेनवमीला हार घातला व्हता ना, त्येच्या पाकळ्या आत जाऊन पंखा कोंडला. तिच्याच फुलांनी."

आबांचे खांदे हलायला लागले. सुवर्णाला वाटलं, रडताहेत. पण ते हसत होते. नऊ दिवसांनी पहिल्यांदा हसत होते, टॉवेल तोंडाला लावून, दहाव्याला हसू नये म्हणून.

"म्हंजी," ते कसंबसं म्हणाले, "मेल्यावरबी काढू देत नव्हती की गं फोटो!"